कमाटीबागेतील दोन जागा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी पुण्याची भाची यजमान व दोन मुलांसह बडोद्यास आली होती. खरा बेत एकतानगरचा, सरदारांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा पाहण्याचा. बडोद्याच्या वाट्याला अर्धा दिवस होता. "मामा, अर्ध्या दिवसात पाहण्यासारखे काय ते सांगा," असे तिने येताच विचारले. मी म्हटले, "अर्ध्या दिवसात राजवाडा होईल. शहर पाहावयाचे असेल तर रात्र काढावी लागेल." मंडळी राहिली, आणि दुसऱ्या दिवशीच्या फेरफटक्यातून हा लेख निघाला.

आपल्या लोकांत वारसा पाहण्याची हौस अलीकडे पुष्कळ वाढली आहे, ही आनंदाचीच गोष्ट होय. २०२४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियममधून वाघनखे तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांतील अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तामिळनाडूतील जिंजी. त्याच वर्षी नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार लंडनच्या लिलावातून परत आली. आमच्या घरीही या बातम्या आवडीने वाचल्या गेल्या. परंतु त्यांतून एक समजूत बळावते आहे असे मला वाटते. ती ही की, वारसा म्हणजे अभिमान वाटावा अशी वस्तू, आणि तिच्यापुढे उभे राहून छायाचित्र घेतले की काम झाले.

सयाजीराव महाराजांची समजूत निराळी होती. कमाटीबागेतील पदार्थसंग्रहालयाची इमारत १८९४ साली पुरी झाली. शेजारचे चित्रसंग्रहालय बांधून १९१४ सालीच तयार होते. पण महायुद्धामुळे युरोपातील चित्रे अडकून पडली आणि ते १९२१ साली उघडले. या दोन सालांच्या मधोमध, १९०६ मध्ये, राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू झाले, आणि १९१० मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून गावोगावी वाचनालये उभारण्याचे काम हाती घेतले गेले. या साऱ्या गोष्टी एकाच विचाराच्या शाखा आहेत. ज्याला विलायत दिसणार नाही, त्याला या बागेत चार आण्यांच्या खर्चात जग दिसावे आणि त्याने प्रश्न विचारावेत, असा तो विचार. संग्रहालय ही भिंती असलेली शाळाच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तेथे गेलो. मुलांना इजिप्तची ममी आवडली, आणि १९४४ साली महीच्या मुखाशी लागलेल्या निळ्या देवमाशाच्या सांगाड्यापुढून तर ती हलेनात. मी त्यांना आकोट्याच्या जैन धातुमूर्तींपुढे नेले. त्या १९५१ साली सापडल्या, आणि ते आकोटे आज बडोदे शहराचाच एक भाग आहे. रोज ज्या रस्त्याने रिक्षा जातात त्याखाली दीड हजार वर्षांपूर्वीचे कसब दडलेले होते, हे ऐकून भाचीच्या यजमानांना नवल वाटले.

तेथून बाहेर पडल्यावर छोट्या आगगाडीकडे जाण्याऐवजी मी त्यांना बागेतच दुसऱ्या एका जागी नेले. त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात.

हकीकत सर्वांना ठाऊक असावयास हवी. १९१३ साली बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली कराराप्रमाणे नोकरीसाठी ते बडोद्यास परत आले. शहरात त्यांना राहावयास खोली मिळेना. ते एका पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी हाती काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागून पाहिला. दोघांनीही सबबी सांगितल्या. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे तास त्यांनी याच कमाटीबागेत बसून काढले.

भाचीचा थोरला मुलगा सातवीत आहे. त्याने विचारले, "राजाने शिकायला पैसे दिले आणि गावाने खोली दिली नाही, असे कसे?" मला एका वाक्यात उत्तर देता आले नाही. संग्रहालयापासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर हा प्रश्न उभा आहे. मी जन्माचा बडोदेकर. शाळेच्या सहलीतून या बागेत कितीदा आलो, पण या जागेची गोष्ट मला कोणी सांगितली नाही. त्याहून खेदाची गोष्ट अशी की, मीही ती माझ्या मुलांना कधी सांगितली नाही.

येथे कोणी म्हणेल, सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांचे मन खट्टू कशाला करावे? त्यावर माझे म्हणणे असे. त्या गोष्टीने सयाजीराव लहान होत नाहीत. अंत्यजांच्या मुलांसाठी शाळा काढणारा आणि त्यांतील एका गुणी तरुणास साता समुद्रापार पाठविणारा राजा त्या काळी दुर्मिळच होता. पण राजाचा हुकूम कचेरीपर्यंत पोचतो. घराचा दरवाजा घरमालकच उघडतो किंवा बंद करतो. तो दरवाजा आपल्या शहराने बंद ठेवला. ही गोष्ट वगळून दाखविलेला राजवाडा ही केवळ मोठी इमारत उरते, आणि अमुक जातीच्या भाडेकरूस घर नाकारण्याची रीत अजूनही सरलेली नाही, हे आपल्या ध्यानातच येत नाही.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. २३ सप्टेंबरला संकल्पभूमीवर दूरदूरहून लोक येतात. बडोदेकर मराठी मंडळींनी मात्र तेथे कोणत्याही दिवशी जावे. पाहुणे आले म्हणजे संग्रहालय, संकल्पभूमी आणि मग कीर्तिमंदिरातील नंदलाल बसूंची भित्तिचित्रे, असा एकच फेरफटका करावा. बसूंनी तेथे गंगावतरण रंगविले आहे आणि मीराबाईही. शाळांनी सहलीचा बेत असाच आखावा. यास ना तिकीट वाढते, ना सरकारी मंजुरी लागते. बरोबरच्या वडीलधाऱ्याने तोंड उघडले म्हणजे पुरे.

माझ्या पाहुण्यांनी पुतळाही पाहिला. तो पाहावयासच हवा. परत जाताना स्टेशनवर गाडीची वाट पाहत असता थोरल्याने मला विचारले, "मामाआजोबा, त्यांची गाडी याच फलाटावरून सुटली असेल का?" मुलाने हा प्रश्न बरोबर नेला, यात माझी सुट्टी कारणी लागली असे मी समजतो.