परीक्षा आणि परवाना
११ व १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये संगणकव्यवस्थेत शिरलेल्या चोरट्यांनी लांबविले, आणि त्यातील बनावट कार्डांनी काढलेल्या रकमेचा काही अंश आमच्या कोल्हापुरातील एटीएममधूनही बाहेर पडला, हे ध्यानी ठेवून शिवाजी उद्यमनगरातील कारखानदाराने दोन उपायांचा विचार अवश्य करावा. पहिला उपाय परीक्षेचा: मेटास्प्लॉइटसारखी घुसखोरी-चाचणीची साधने घेऊन, मालकाच्या लेखी संमतीने, जाणकार परीक्षक चोराच्याच वाटांनी आत शिरून पाहतो व कोणती कवाडे खिळखिळी आहेत याची फर्द हाती देतो. परंतु ती फर्द त्या दिवसापुरतीच खरी, आणि दुरुस्ती शिल्लकच राहते. याउलट दुसरा उपाय, म्हणजे ॲपलॉकरसारखी नियंत्रणप्रणाली, मालकाने यादीत परवाना न दिलेल्या प्रत्येक प्रोग्रामला मज्जाव करते: ओतकामाचे ड्रॉइंग म्हणून आलेल्या पेनड्राइव्हमधला अनोळखी प्रोग्राम हिशेबनीसाने अनवधानाने उघडला, तरी तो चालतच नाही. चोरलेल्या पासवर्डाने परवानाधारक प्रोग्रामच वापरणारा मात्र तिला ओळखू येत नाही. म्हणून लहान पेढीने प्रथम परवान्यांची यादी सिद्ध करून नियंत्रण बसवावे, आणि मगच परीक्षकास पाचारण करून तेच नियंत्रण फोडून दाखविण्यास सांगावे, असे माझे स्पष्ट मत आहे.