वाघाच्या मावशीची निगा



या सदरात गायी-म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांच्याविषयी पुष्कळ लिहून झाले. मांजरीविषयी लिहिण्याची पाळी येईल असे वाटले नव्हते. मांजर आपण पाळतो असे तरी कुठे आहे? ती येते आणि राहते. तिला दावे लागत नाही, बाजारात तिचा कोणी भाव करीत नाही. पण वर्षभर कोठीतल्या धान्याची राखण ती करते. माझ्या अंगावर तर एका मांजरीचे देणेच आहे. ते आधी सांगतो, म्हणजे हा लेख का लिहिला ते कळेल.

पाच-सहा वर्षांपूर्वी काटोलकडच्या एका गावी हरभऱ्याच्या वावरात उंदरांनी उच्छाद मांडला होता. मी प्रात्यक्षिक दाखवायला गेलो. ९६ भाग भरडलेले धान्य, २ भाग गोडेतेल, २ भाग झिंक फॉस्फाईड. आधी दोन-तीन दिवस बिनविषाचे आमिष टाकून उंदरांना चटक लावायची, मग विषाचे टाकायचे. मिसळताना काठी वापरा, हात लावू नका, लेकरे, ढोरे, कोंबड्या दूर ठेवा, सगळे सांगितले. आठ दिवसांनी पुन्हा गेलो तर वावराला लागूनच घर असलेल्या एक आजी दारातच उभ्या होत्या.

"साहेब, तुमी सांगतलं तसंच केलं. उंदरंबी मेले अन् माही मांजरबी गेली."

घरात तीन पिल्ले ओरडत होती. त्यांचे डोळे नुकतेच उघडले होते. मी मान खाली घातली. ढोरांचे सांगितले, कोंबड्यांचे सांगितले, पण उंदीर खाणाऱ्या जिवाचे सांगायचे राहिले होते.

झाले काय, ते समजून घ्या. विष खाल्लेला उंदीर झिंगतो, त्याला पळता येत नाही. मांजरीला असा उंदीर आयताच सापडतो. उंदराच्या पोटात न पचलेले विष शिल्लक असते. ते मांजरीच्या पोटातल्या आम्लात मिसळले की फॉस्फिन नावाचा विषारी वायू तयार होतो. त्यावर उतारा नाही. दुकानात तयार वड्या मिळतात त्या ब्रोमाडिओलोनच्या. त्यांचे काम सावकाश चालते. उंदीर काही दिवसांनी आतल्या रक्तस्रावाने मरतो आणि विष त्याच्या काळजात साठून राहते. असे उंदीर मांजरीच्या खाण्यात वरचेवर आले तर काही दिवसांनी ती सुस्त होते, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून किंवा शेणातून रक्त जाते. यावर मात्र उपाय आहे. व्हिटॅमिन के-१ हे औषध वेळेत सुरू झाले तर मांजर वाचू शकते. म्हणून घरात कोणते विष टाकले त्याचे पाकीट फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि आमिष टाकल्याच्या दिवसापासून रोज सकाळी मेलेले उंदीर फावड्याने गोळा करून खोल पुरा, उकिरड्यावर टाकू नका. तेवढे दिवस मांजर घरात कोंडून ठेवावी. ती ओरडेल, ओरडू द्या. खरे तर ज्या घरात मांजर आहे तिथे घरातल्या उंदरांसाठी पिंजराच बरा.

विषाचा दुसरा मार्ग तिच्या जिभेतून जातो. मांजर दिवसभर अंग चाटते, त्यामुळे अंगाला लागले ते पोटात गेलेच समजा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना किती शेतकऱ्यांचे प्राण गेले, ते आपण विसरलेलो नाही. त्याच फवारणीचे कपडे आपण खुंटीला अडकवतो, खाली पडले की त्यावर मांजर झोपते. कपडे लगेच वेगळे धुवा. बैलाला गोचिडाचे औषध लावाल तेव्हाही मांजर कोठ्यात येऊ देऊ नका. कुत्र्याचे गोचिडाचे औषध मांजरीला लावणे तर सपशेल चूक. त्यातल्या काही औषधांत परमेथ्रिन असते, ते कुत्र्याला चालते, मांजरीला झटके येऊन ती मरते. तसेच ताप वाटला म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी देऊ नये. एका गोळीनेही मांजर दगावते.

आता खाण्याचे. पोळी-दूध हा मांजरीचा आहार अशी आपली समजूत आहे. माझीही होती. वास्तविक मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरींना दूध नीट पचत नाही, हगवण लागते. मांजर ही मांसाहारी. वाघाची मावशी म्हणतो ते उगाच नव्हे. मांसात टॉरीन नावाचा एक घटक असतो, तो तिला बाहेरूनच मिळावा लागतो. तो कमी पडला तर डोळ्यांची नजर जाते आणि हृदय कमकुवत होते. आपल्या माळकरी घरातली मांजर पोळीवर जगते असे दिसते, ते अर्धे खरे. उरलेले ती रात्री उंदरांवर भागवते. ज्यांच्या घरी चालते त्यांनी शिजवलेल्या मासळीचे किंवा मटणाचे दोन घास द्यावेत. ते कांदा-लसूण घातलेल्या रश्श्यातले नकोत. कांदा-लसणाने मांजरीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवलेल्या कोंबडीचे हाड अणकुचीदार फुटते, तेही नको. उपाशी ठेवली म्हणजे जास्त उंदीर मारते, ही समजूतही काढून टाका. पोट भरलेली मांजरही शिकार करतेच, तो तिचा स्वभाव आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा सावलीत मातीच्या भांड्यात पाणी ठेवा.

कच्च्या कोंबडीबद्दल मुद्दाम सांगतो, कारण गोष्ट आपल्या दाराशी घडली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. तपासणीत बर्ड फ्लूचा एच५एन१ हा विषाणू निघाला. पाठोपाठ २०२५ च्या सुरुवातीला सौंसरच्या पुढे छिंदवाड्याला पाळीव मांजरींतही तोच सापडला. मावशीला भाच्याचाच रोग. तेव्हा कोंबडी साफ केल्यावर आतडी-पिसे मांजरीपुढे टाकू नका, मेलेली कोंबडी तर मुळीच नाही. एकदम कोंबड्या मरू लागल्या तर त्या पुरण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

लसीचे थोडक्यात. पिल्लू आठ-नऊ आठवड्यांचे झाले की मांजरीच्या रोगांची लस, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची, आणि ती पुढे डॉक्टर सांगतील तशी टोचत राहायची. जंताचे औषधही वजन पाहून त्यांच्याकडूनच घ्यावे. गावच्या दवाखान्यात मांजरीची लस नसली तर नागपूरला जाल तेव्हा सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या. १९५८ पासूनचे महाविद्यालय आहे, तिथे मांजरीही तपासतात. टोपलीवर टोपली बांधून नेली तर एसटीत त्रास देत नाही.

पिसाळलेल्या कुत्र्याची भीती सर्वांना असते, पण पिसाळलेली मांजरही चावते, आणि रेबीज एकदा अंगात उतरला की माणूस वाचत नाही. मांजर चावली किंवा नखाने रक्त काढले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. तडक प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि सांगतील तितकी सगळी इंजेक्शने पुरी करा. दोन घेऊन बरे वाटले म्हणून थांबलेली माणसे मी पाहिली आहेत.

भगिनींसाठी एक गोष्ट. घरात कोणी गरोदर असेल तर मांजरीची घाण तिने काढू नये, वाफ्यात काम केल्यावर हात धुवावेत. त्या घाणीतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू पोटातल्या बाळाला बाधू शकतो. शेळ्या गाभडण्यामागेही कधीकधी हाच असतो, म्हणून कुटाराच्या ढिगात आणि ढेपेच्या पोत्यावर मांजर घाण करणार नाही असे झाकून ठेवा. मांजर घरातून हाकलण्याची मात्र गरज नाही.

बोका वारंवार बसतो, जोर करतो आणि लघवी होत नाही असे दिसले तर उद्यावर टाकू नका. मूत्रमार्ग तुंबला की दोन-तीन दिवसांत तो मरतो. बद्धकोष्ठ समजून लोक एरंडेल पाजत बसतात.

मांजर दोन महिन्यांत विते आणि वर्षातून दोन-तीनदाही वेते होतात. नको असलेली पिल्ले पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या शिवेवर सोडण्याची रीत आपल्याकडे आहे. ती वाईट रीत आहे, स्पष्टच बोलतो. साधारण सहा महिन्यांची झाली की शस्त्रक्रिया करून घ्यावी. त्यानंतरही मांजर उंदीर धरते, आळशी होत नाही.

त्या तीन पिल्लांपैकी दोन गेली. तिसऱ्याला आजींनी शेळीचे कोमट दूध कापसाच्या बोळ्याने दर दोन-तीन तासांनी पाजले. पालथे धरून, उताणे नव्हे, म्हणजे दूध फुप्फुसात जात नाही. पाजून झाले की ओल्या फडक्याने त्याचे पोटाखालचे अंग पुसायच्या, कारण आईने चाटल्याशिवाय इतके लहान पिल्लू लघवी करीत नाही. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा ती पिवळी मांजर तुरीच्या पोत्यावर झोपली होती. वावरात यंदा पुन्हा बिळे झाली आहेत, आमिष कधी टाकू, असे आजींनी विचारले. मी तारीख ठरवून दिली, आणि आदल्या संध्याकाळी मांजर कोंडायला मी स्वतः येतो, असे सांगून आलो.