नाडीचे ठोके आणि गुणांची टक्केवारी

दहावी-बारावीची परीक्षा आता एकट्या विद्यार्थ्याची राहिलेली नाही. ती साऱ्या घराच्या धीराची परीक्षा झाली आहे. त्यातच मनगटावरचे घड्याळ हृदयाचे ठोके मोजू लागल्यामुळे मुलाचा ताणही आकड्यांत कळेल, असे अनेक पालकांना वाटू लागले आहे. मालेगावसारख्या यंत्रमागाच्या शहरात मागाच्या खडखडाटातच अनेक मुलांना अभ्यास उरकावा लागतो. अशा घरांतील पालकांनी या आकड्यांवर कितपत विसंबावे, याचा विचार करायला हवा.

या घड्याळाची रीत साधी आहे. ते त्वचेवर हिरवा प्रकाश टाकते. रक्त तो शोषून घेते आणि प्रत्येक ठोक्यागणिक परत येणारा प्रकाश कमी-अधिक होतो. त्यावरून ठोके मोजले जातात. मनावर दडपण आले की ठोके वाढतात आणि दोन ठोक्यांमधील अंतरात जो स्वाभाविक चढउतार असतो, तो घटतो. अमेरिकेतील ह्यूस्टन विद्यापीठात १० विद्यार्थ्यांच्या मनगटावर अशी उपकरणे बांधून तीन परीक्षांच्या वेळच्या नोंदी घेण्यात आल्या. २०२२ मध्ये त्या अभ्यासकांना खुल्या झाल्या. प्रयत्न स्तुत्य, पण १० जणांवरून सर्वांविषयी निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय ठोके जिना चढल्यानेही वाढतात, चहाने, जागरणाने आणि उन्हानेही वाढतात. ते का वाढले, हे घड्याळ सांगत नाही. ते मुलालाच विचारावे लागते.

शरीर व मन यांचा संबंध मोजून पाहण्याची दृष्टी आपल्याला परकी नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचा शरीरावरील परिणाम प्रयोगशाळेत तपासला. संथ, दीर्घ श्वसनाने ठोक्यांतील चढउतार वाढतो, हे आता सर्वत्र मान्य झाले आहे. परीक्षागृहात स्मार्ट घड्याळास मज्जाव असतो, श्वासाला नसतो.

तथापि, केवळ श्वसनाने भागणार नाही, इतका हा प्रश्न गंभीर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ वा समाजसेवक असला पाहिजे. शिकवणी वर्गही त्यातून सुटलेले नाहीत. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संपर्क ठेवावयाचा आहे.

हे निर्देश कागदावर राहू नयेत, ही जबाबदारी समाजाचीही आहे. आपल्या पाल्याच्या शाळेत समुपदेशक आहे काय, असे पालक सभेत किती जण विचारतात? वस्त्यांमध्ये अभ्यासिका चालविणाऱ्या कार्यकर्त्यांनी शांत जागेबरोबरच मुलाचे ऐकून घेणारे एखादे जाणते माणूसही तेथे ठेवावे. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक प्रत्येक वर्गाच्या फळ्याशेजारी लिहिलेला असावा. आणि घरी, टक्केवारी विचारण्यापूर्वी, झोप लागते का, जेवण जाते का, एवढे तरी आईवडिलांनी विचारावे. त्यासाठी कोणतेही यंत्र विकत घ्यावे लागत नाही.