बाबांच्या टकलावरचा खरखरीत डाग

एसपीएफ ५० आपण लावतो. कशासाठी, तर बाइकवरून ऑफिस गाठेपर्यंतच्या २० मिनिटांसाठी! आणि तिकडे पिंपळगाव राजाला ज्यांची चाळीस वर्षं कपाशीच्या शेतात गेली, त्यांच्या डोक्याला काय? एक रुमाल. तोही घाम पुसायला.

म्हणून यंदा दिवाळीला गावी गेलात की बाबांच्या टकलावरून, कानांवरून बोट फिरवून बघा. पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतंय? खपली पडते आणि पुन्हा येते? "काई नाई होत त्याले, ऊन लागलं असंन," हे उत्तर ठरलेलं. पण याला नाव आहे, ॲक्टिनिक केराटोसिस. कॅन्सरच्या आधीची पायरी. आपल्या सावळ्या कातडीत हे कमी दिसतं, मेलॅनिनची कृपा. पण गोरा रंग, टक्कल, जन्मतः रंगद्रव्य नसणं, असं असेल तर जपा. खालच्या ओठावरही असाच उन्हाचा मार बसतो. बहुतेक डाग कॅन्सर होत नाहीत. कोणता होईल, हे मात्र नुसतं बघून सांगता येत नाही.

एखाद-दुसरा डाग असेल तर डॉक्टर उणे १९६ अंशांच्या लिक्विड नायट्रोजनने गोठवतात. काम मिनिटाचं. पण सावळ्या कातडीवर मागे पांढरा ठिपका राहू शकतो, हे आधीच विचारून घ्या.

डाग बरेच असतील तर माझं मत क्रीमला. नेदरलँड्समधल्या २०१९च्या अभ्यासात चार उपचारांची तुलना झाली. ५ टक्के फ्लुरोयुरॅसिल क्रीम पहिलं आलं: वर्षभरानंतर १०० पैकी सुमारे ७५ जणांत गुण टिकला. झगमगीत लाइट थेरपीत फक्त ३८!

खरी गोची पुढेच आहे. क्रीम दोन ते चार आठवडे लावायचं, आणि मधल्या काळात टक्कल लालबुंद होतं, खपल्या धरतात, आग होते. म्हणजे औषध काम करतंय. बाबा नेमके तेव्हाच ट्यूब फेकतात. तेवढे दिवस रोज फोन करा. अति झालं तर मात्र डॉक्टरांनाच विचारा.

केमिस्टने दिलेली खाजेची स्टेरॉइडवाली ट्यूब इथे चालत नाही. खामगावात किंवा अकोल्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. डाग जाड झाला, दुखतोय, रक्त येतंय, तर आधी तुकडा काढून तपासणी.

आणि हो, घरात कुणी गरोदर असेल तर तिने या क्रीमला हात लावू नये. ट्यूब कुत्र्यापासूनही लांब ठेवा. त्याने चावली तर जीव जाऊ शकतो.