विश्लेषण : टायर ‘फुटत’ नाही, रिंग उडते! टिपर-डंपरच्या चाकात हवा पिंजऱ्यातच का भरायला हवी?

खडी, मुरूम किंवा कोळसा वाहणाऱ्या गाडीच्या चाकात हवा भरताना कामगार दगावल्याची बातमी अधूनमधून जिल्ह्याच्या पानावर चार ओळींत येते. मथळा ठरलेला असतो : ‘टायर फुटून एकाचा मृत्यू’. एवढे म्हटले की सगळा प्रकार नशिबाच्या खाती जमा होतो. टायर काय, कधीही फुटू शकतो! प्रत्यक्षात अशा कित्येक घटनांमध्ये टायर शाबूत असतो. चाकाच्या डिस्कवरची लोखंडी रिंग सुटून उडालेली असते. ती का सुटते आणि सुटली तरी माणूस कसा वाचवायचा, हे दोन्ही ठाऊक आहे. म्हणूनच हा विषय दैवावर सोडून चालणार नाही.

ही रिंग असते कशासाठी?

मोटारीचा टायर एकसंध डिस्कच्या काठावरून ओढून चढवता येतो. ट्यूब असलेल्या जड टायरची कड मात्र पोलादी तारांनी इतकी ताठ असते, की ती तशी वाकत नाही. म्हणून अशा डिस्कची एक बाजू सुटी ठेवलेली असते. टायर सरळ आत सरकवायचा, बाजूची रिंग बसवायची आणि ती खाचेत अडकवून पक्की करायची. टिपरच्या २० इंची डिस्कमध्ये असे दोन किंवा तीन भाग असतात. खाणीतल्या १०० टनी डंपरच्या चाकात मूळ डिस्क, टायर टेकण्याचा पट्टा, दोन बाजूंच्या कडा आणि लॉक रिंग असे पाच भाग असतात. या डंपरचा २७.०० आर ४९ मापाचा एक टायर माणसापेक्षा उंच आणि दीड टनाहून जड असतो. हे सगळे भाग एकमेकांत धरून ठेवते ती आतली हवाच. रिंग खाचेत नीट बसली असेल, तर हवेचा दाब तिला आणखी घट्ट करतो. नीट बसली नसेल, तर तोच दाब तिला बाहेर फेकतो.

हवेत एवढा जोर येतो कुठून?

साधा हिशेब करू. टिपरच्या टायरमध्ये १०० पीएसआय हवा असेल, तर आतल्या प्रत्येक चौरस इंचावर १०० पौंडांचा दाब असतो. १०.००-२० मापाच्या टायरमध्ये रिंगवर जोर टाकणारे क्षेत्रफळ अंदाजे ३९० चौरस इंच भरते. म्हणजे एकूण जोर झाला ३९ हजार पौंड, जवळपास साडेसतरा टन. खडीने भरलेल्या दहा चाकी टिपरचे एकूण वजन कायद्याने २८ टनांपर्यंत असू शकते. त्याच्या निम्म्याहून अधिक जोर एका लोखंडी कड्यामागे दबा धरून असतो आणि हवा भरणारा माणूस त्याच कड्यावर वाकून निपल धरून बसलेला असतो.

रिंग सुटते केव्हा?

याची कारणे मोजकी आहेत. खाचेत गंज किंवा माती साचलेली असणे, रिंग वाकलेली किंवा तिला तडा गेलेला असणे, आणि एका बनावटीच्या डिस्कवर दुसऱ्याच बनावटीची रिंग बसवणे. भंगारातून आणलेली रिंग ‘बसली ना, मग झाले’ म्हणून चढवली जाते. डोळ्यांना ती बसलेली दिसते, पण दाबाखाली टिकत नाही.

चौथे कारण कामाच्या सवयीचे. हवा भरत असताना रिंग एका बाजूने वर दिसली, की घणाचे दोन ठोके मारून ती खाली बसवायची. जाणत्या कारागिरालाही ही सवय असते आणि तीच सर्वांत घातक. रिंग सरळ करायची तर आधी सगळी हवा सोडायची, चाक उघडायचे, खाच साफ करायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. याला जवळची वाट नाही.

पाचवे कारण कमी हवेवर पळालेला टायर. ठरलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर गाडी चालली असेल, तर टायरचा आतला सांगाडा आणि रिंगची बैठक, दोन्ही दुखावलेली असू शकतात. अशा चाकात वरून हवा मारायची नाही. व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडायची, मगच चाक उतरवायचे आणि उघडून बघायचे. जोडचाकांपैकी एक उतरवायचे असले, तरी नट सैल करण्याआधी दोन्ही चाकांतली हवा सोडलेली बरी. आतल्या चाकाची रिंग तुटलेली असेल, तर नटच तिला धरून असू शकतात.

वेल्डिंगचा धोका वेगळाच. टायर चढवलेला असताना डिस्कला वेल्डिंग केले, तर आतले रबर तापून ज्वलनशील वायू तयार होतात आणि हवा सोडलेल्या टायरचाही स्फोट होऊ शकतो.

पिंजरा नेमके काय करतो?

जाड पोलादी नळ्यांचा पिंजरा. चाक त्यात उभे करायचे आणि मग हवा भरायची. रिंग उडाली तर ती नळ्यांवर आदळते, माणसावर नाही. सोबत निपलला चिमट्यासारखी पकडणारी क्लिप, लांब नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला मीटर व झडप हवी. म्हणजे माणूस चाकापासून दूर, रिंगच्या रेषेबाहेर उभा राहू शकतो.

अमेरिकेत १९८० पासून रिंगवाल्या चाकांसाठी नेमका हा नियम आहे. १९८४ मध्ये तो जड वाहनांच्या एकसंध चाकांनाही लागू झाला. पिंजरा किंवा तशी अडवणारी सोय, क्लिप, लांब नळी आणि कामगाराला प्रशिक्षण देण्याची जबाबदारी तिथे मालकावर आहे.

आपल्याकडे रिंगची बाजू जमिनीकडे करून हवा भरतात किंवा चाकाला साखळी गुंडाळतात. काहीच न करण्यापेक्षा बरे, पण पिंजऱ्याची सर त्याला नाही. रिंग खाली सुटली, तर अख्खे चाक वर उडते. ‘ट्यूबलेस आले, आता रिंगचा प्रश्नच नाही’ हेही अर्धसत्य आहे. कमी हवेवर पळालेल्या रेडियल टायरच्या बाजूतल्या पोलादी तारा एकामागून एक तुटतात आणि हवा भरताना ती बाजू चेन उघडावी तशी फाटते. पिंजरा तिथेही लागतोच.

मग बॅलन्सिंगचे काय?

मोटारीच्या सवयीने अनेक मालक आधी बॅलन्सिंगची चौकशी करतात. खाणीत संथ चालणाऱ्या डंपरला त्याची फारशी गरज नसते. टिपर महामार्गावर वेगाने धावत असेल, तर गरज असते. पण त्याआधी डिस्कच्या आत चिकटलेला चिखल खरवडून काढायला हवा.

जड गाडीत खरे संतुलन जोडचाकांचे. शेजारच्या दोन टायरच्या व्यासात साधारण अर्ध्या इंचाहून जास्त फरक नको. एक नवा आणि एक झिजलेला अशी जोडी लावली, की मोठा टायर जास्त ओझे घेतो आणि तापतो, तर लहान टायर घासत जातो. दोन्हींमधली हवाही सारखीच हवी. दोन टायरमध्ये अडकलेला दगड प्रत्येक फेरीनंतर काढायला हवा. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे आणि गाडी ५० ते १०० किलोमीटर चालली की पुन्हा तपासायचे. नटाभोवती गंजाचे ओघळ दिसले, तर तो सैल झाल्याची खूण समजावी.

जबाबदारी कुणाची?

खाणीच्या हद्दीतल्या वर्कशॉपला खाण सुरक्षेचे नियम लागू होतात आणि धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची देखरेख असते. मात्र चंद्रपूर-वणी पट्ट्यात काय किंवा पुण्याभोवतीच्या खडी क्रशरच्या रस्त्यांवर काय, गाडी गेटबाहेर पडली की तिचे चाक रस्त्याकडेच्या पंक्चरच्या दुकानात उघडते. एक-दोन माणसांचे हे दुकान ‘कारखाना’ या व्याख्येत बसत नाही. हवा भरणारा पोरगा कुणाच्याच हजेरीपटावर नसतो.

दुसरीकडे, अशा अवजड आणि रस्त्याबाहेरच्या वाहनांचे टायर महाराष्ट्रात वाळूज आणि अंबरनाथला तयार होतात, परदेशी जातात. ज्या टायरवर तिकडचा कामगार पिंजऱ्याआड उभा राहून काम करतो, तशाच टायरवर आपला पोरगा वाकून बसतो.

म्हणून सारा भार पंक्चरवाल्याच्या सावधपणावर टाकणे अन्यायाचे आहे. दिवसभरात किती चाके निघाली त्यावर त्याची कमाई ठरते आणि गाडीवाला शेजारी उभा राहून घाई करत असतो. पिंजरा ही फार महागडी गोष्ट नाही. जवळचा फॅब्रिकेशनवालाही ती बनवू शकतो, फक्त मोजमाप आणि मजबुतीचे मानक सरकारने ठरवून द्यायला हवे. खाणी, क्रशर आणि रस्त्यांची कामे देणाऱ्या यंत्रणांनी कंत्राटातच अट घालावी : या गाड्यांच्या चाकात हवा पिंजरा असलेल्या ठिकाणीच भरली जाईल. पेट्रोल पंप आणि ट्रक टर्मिनलवर सामायिक पिंजरे ठेवता येतील. आयटीआयच्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमात हे काम कौशल्य म्हणून शिकवता येईल.

तोवर टिपरमालकाला एक गोष्ट आजच करता येईल. पुढच्या पंक्चरला पिंजरा असलेले दुकान शोधा आणि तिथे पन्नास रुपये जास्त पडले, तर घासाघीस करू नका.