शिबिरातला टाचेचा आकडा म्हणजे निदान नव्हे

वाघोलीतल्या सोसायट्यांमध्ये हाडांच्या मोफत तपासणीची शिबिरे होतात. टाच यंत्रात ठेवली की काही मिनिटांत कागद हातात. त्यावर ‘टी-स्कोअर उणे २.६’ पाहून तुम्ही घाबरता. पण जरा थांबा.

टाचेची ही तपासणी अल्ट्रासाउंडची असते. ध्वनिलहरी हाडातून कशा जातात, ते ती पाहते. उणे २.५ ही ठिसूळपणाची मर्यादा मात्र डेक्सा तपासणीची आहे. डेक्सामध्ये सौम्य क्ष-किरणांनी कमरेच्या मणक्यांची आणि खुब्याची घनता मोजतात.

मुलांसाठी तर टी-स्कोअर वापरूच नये. तो तरुण प्रौढांच्या हाडांशी तुलना करतो, त्यामुळे वाढत्या मुलाचे हाड कमीच दिसते. त्यांना समवयस्कांशी तुलना करणारा झेड-स्कोअर लागतो. भारतीय मुलांचे असे तक्ते पुण्यातच, जहांगीर रुग्णालयाच्या संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी तयार केले. ५ ते १७ वर्षांच्या मुलांचे डेक्सा तक्ते २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलाचा अहवाल भारतीय तक्त्यावर बेतला आहे का, हे जरूर विचारा.

शिबिराच्या कागदावरून औषध सुरू करू नका. उलट, आकडा चांगला असला तरी निर्धास्त राहू नका. वय पासष्टीपुढे असेल, पाळी लवकर गेली असेल, किरकोळ पडून हाड मोडले असेल किंवा स्टिरॉइड बरेच महिने चालू असेल, तर डॉक्टरांशी बोलून डेक्सा करून घ्या.