चूक शोधा, बक्षीस मिळवा!

बालमित्रांनो, आईची हिशेबाची वही पाहिलीत ना? तसाच हिशेब संगणकावर ठेवणारा एक प्रोग्रॅम आहे, 'एचलेजर'. सायमन मायकेल यांनी तो २००७ साली सुरू केला. साध्या फाइलमध्ये नोंदी लिहायच्या, एका ओळीची आज्ञा टाइप करायची, की जमाखर्च हजर!

यात प्रत्येक नोंदीला दोन बाजू. २५ रुपयांच्या वह्या घेतल्या, तर 'वह्या' खात्यात २५ आणि 'पाकीट' खात्यात वजा २५. बेरीज शून्य! चुकून वजा २० लिहिलेत, तर संगणक अडून बसतो.

पण 'वह्या'ऐवजी 'वही' लिहिले तर? गुपचूप नवे खाते उघडते. म्हणून पुढे काटेकोर तपासणीची सोय आली. आधी जाहीर केलेलीच खाती ती चालू देते.

नवी सोय करताना कधी कधी जुनी बिघडते. असा बिघाड कळवणाऱ्याला सायमनकाकांनी चक्क बक्षीस जाहीर केले!

एक चूक मात्र संगणकालाही सापडत नाही. २५ रुपयांच्या गोळ्या खाल्ल्या आणि लिहिले 'वह्या', तरी बेरीज शून्यच. तिथे तपासनीस तुम्हीच!

आठवडाभर आपल्या खाऊच्या पैशांचा असा दुहेरी हिशेब लिहा. रविवारी पाकीट मोजून पाहा, जुळतो का?

आणि पालकांनो, मुलांनी स्वतःहून चूक सांगितली, तर रागावू नका. सायमनकाकांना आठवा!